लाखोळीचं पाणी फेकून द्या

आरमोरीकडच्या बांध्यांत धान कापणीला येण्याआधीच ओलीवर लाखोळी या डाळीचं बी फेकतात. नांगर नको, खत नको, पाऊस दगा देवो, ती उगवतेच. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, दाण्यांचं वरण. अशा गुणी डाळीच्या विक्रीवर 1961 मध्ये बंदी आली; महाराष्ट्रात ती 2008 मध्ये उठली.

कारण होतं लॅथिरिझम. दुष्काळात महिनोन्‌महिने दुसरं काही न मिळता फक्त लाखोळीच खाल्ली, तर पाय ताठरतात, काठीशिवाय चालवत नाही आणि गेलेली चाल परत येत नाही. 1964 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा आणि सर्मा यांनी दाण्यांतलं विषद्रव्य, ओडॅप, वेगळं केलं. ते चेतापेशींना अति उत्तेजित करतं. पेशीतली ऊर्जाकेंद्रं बिघडतात, ऑक्सिजनचे आक्रमक रेणू साचतात. हाच ‘ऑक्सिडेटिव्ह ताण’. हे रेणू शमवायला पेशी ग्लुटाथायोन आणि क जीवनसत्त्व वापरते. ग्लुटाथायोनला लागणारी गंधकयुक्त अमिनो आम्लं लाखोळीत कमी; म्हणजे डाळ विष देते आणि ढालही देत नाही!

इथिओपियातल्या पाहणीत धान्य मिसळून, कांदा-लसूण-आलं घालून खाणाऱ्यांत धोका कमी दिसला. पण म्हणून क जीवनसत्त्वासाठी आवळ्याच्या गोळ्या गिळून लाखोळीच लाखोळी खाऊ नका. गोळी गेलेले पाय परत आणत नाही. डाळ गरम पाण्यात भिजवा, विष उतरलेलं ते पाणी फेका आणि ताटात भात, भाजी, आवळा राहू द्या.