‘हाताला किरकोळ मार’

नोकरीच्या प्रारंभी माळव्यातील एका लहान गावच्या सरकारी रुग्णालयात असताना मारामारीच्या एका खटल्यात मला साक्षीसाठी न्यायालयात जावे लागले. फिर्यादीच्या डोक्यावरील जखमेचे वर्णन मी सविस्तर लिहिले होते. पोलिसांनी तपासणीस आणलेल्या आरोपीविषयी मात्र ‘हाताला किरकोळ मार’ एवढेच. ‘उजव्या हाताला की डाव्या? नेमका कोठे?’ बचाव पक्षाच्या वकिलांच्या या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. काठीचा वार अडवताना तो मार लागला, हे आरोपीचे म्हणणे पुराव्याअभावी टिकले नाही. त्याला शिक्षा झाली. ती अर्धी ओळ मला आजही बोचते.

स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने मान्य केला आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये असलेल्या या तरतुदी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहेत. बचावास आवश्यक तेवढेच बळ वापरण्याची मुभा आहे. हा बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. परंतु तो निःसंशय सिद्ध करावा लागत नाही, आपले कथन अधिक संभवनीय आहे एवढे दाखविले तरी पुरते. आरोपीच्या अंगावरील गंभीर जखमांचा खुलासा सरकार पक्षाने केला नाही, तर त्या पक्षाच्या कथनाविषयी संशय उत्पन्न होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली लक्ष्मी सिंग खटल्यात म्हटले आहे. पण जखमेची नोंदच नसेल, तर खुलासा कोण मागणार?

म्हणून तरुण सहकाऱ्यांना विनंती, की दोन्ही पक्षांची तपासणी सारख्याच काळजीने करावी. वार अडवताना हात पुढे येतो. तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंतची करंगळीकडील बाजू, पंजाची मागील बाजू आणि तळहात आवर्जून पाहावेत. जखमेची बाजू, जागा आणि सेंटीमीटरमध्ये मोजमाप लिहावे. डोक्यावर काठीने झालेली जखमही कापल्यासारखी दिसते. कडा भिंगाखाली पाहाव्यात. खोल मुका मार एकदोन दिवसांनी उमटतो, त्यासाठी पुन्हा तपासावे. केवळ रंगावरून जखमेचा दिवस ठामपणे सांगू नये. रक्ताचे कपडे वाळवून कागदी पाकिटात मोहोरबंद करावेत. रुग्णाचे कथन त्याच्याच शब्दांत लिहावे. तो वार बचावाचा होता की नाही, हा निर्णय मात्र न्यायालयाचा.

समाजबांधवांनीही लक्षात ठेवावे, की असा प्रसंग ओढवल्यास ‘किरकोळ आहे’ म्हणून घरी थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन प्रत्येक जखम दाखवावी, छायाचित्रे घ्यावीत, कपडे धुऊ नयेत, साक्षीदारांची नावे टिपून ठेवावीत. जवळच्या दुकानातील कॅमेऱ्याचे चित्रण पुसले जाण्यापूर्वी जपून ठेवण्यास सांगावे आणि वकिलांचा सल्ला घ्यावा.

डॉक्टर कोणत्याही पक्षाचा नसतो. त्याने आपल्या कामातील दहा मिनिटे अधिक दिली, तर खरे बोलणाऱ्याला आधार मिळतो आणि खोटे बोलणाऱ्याची सबब उघडी पडते.