आधी रेकॉर्ड बघा, मग टर्नटेबल

जुनं टर्नटेबल कोणतं घ्यावं, असं कुणी विचारलं की आम्ही उलट विचारतो, घरात रेकॉर्डी कुठल्या आहेत? आजोबांच्या लाखेच्या ७८ गतीच्या तबकड्या, की नंतरच्या विनाइलच्या एलपी? ७८ ची खाच रुंद असते. तिला साधारण ७५ मायक्रॉन त्रिज्येचं सुईचं टोक लागतं, स्टिरिओ एलपीला १८ च्या आसपास. चौपट फरक झाला. आणि इथे चुकलात तर रेकॉर्ड जाते.

आमची गेली. जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजला बऱ्याचदा एक छोटा खटका असतो. तो फिरवला की एका बाजूला एलपीचं टोक येतं, दुसऱ्या बाजूला ७८ चं. वडिलांनी जपलेली नाट्यगीतांची एलपी आम्ही उत्साहात लावली आणि खटका बघितलाच नाही. जाडं टोक बारीक खाचेच्या भिंती घासत शेवटपर्यंत गेलं. वर आम्ही माना डोलावत होतो! आता ती बाजू कुठल्याही मशीनवर लावा, तार षड्जाला आवाज फाटतो. मागची बाजू अजून ठणठणीत आहे, आणि तेच जास्त छळतं.

तर निवड. ७८ बऱ्याच असतील तर स्वित्झर्लंडचं लेन्को एल ७५ बघा. त्यात वेग दांडीने हवा तसा सरकवता येतो. हे महत्त्वाचं का? तर सुरुवातीच्या काळातल्या ध्वनिमुद्रणांचा वेग नेमका ७८ असेलच असं नाही; तो चुकला की गायकाची पट्टीच बदलते. इंग्लंडमधल्या स्विंडनचं गॅरार्ड ३०१ हे १९५४ सालचं, यंत्र म्हणून अप्रतिम, पण आजच्या किमतीत आम्ही तरी त्याच्या वाटेला जात नाही. फक्त एलपी असतील तर १९७२ मध्ये आलेलं टेक्निक्स एसएल १२००. मोटर थेट तबकडीखाली, रबराची कटकट नाही.

एक सावधगिरी. अमेरिकेतून कुणी आणलेलं जुनं मशीन ११० व्होल्टचं असतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ट्रान्सफॉर्मर लावूनही त्याची साधी सिंक्रोनस मोटर ६० हर्ट्झचीच राहते. आपल्या ५० हर्ट्झवर ३३⅓ चे फेरे सुमारे २७.८ होतात, आणि मग सगळं गाणं पेंगुळल्यासारखं! मोटरची पुली बदलावी लागते.

दुरुस्ती म्हणाल तर बहुतेक वेळा रोग एकच: वंगण सुकून डिंक झालेलं. जुनं पूर्ण पुसून काढायचं, मधल्या दांड्याला ताजं तेल द्यायचं. लेन्को, गॅरार्डमध्ये रबराचं चाक तबकडी फिरवतं. ते कडक झालं किंवा एका जागी दबून सपाट झालं की धडधड ऐकू येते, मग चाक बदलायचं. बेल्ट सैल झाला असेल तर तोही नवा घ्यायचा. वायरिंग आणि कंडेन्सर मात्र जाणत्या माणसाकडूनच तपासून घ्या. तिथे २३० व्होल्ट आहेत, हौस नको.

सुई नवीच घ्यायची. विकणारा "एकदम ओके आहे साहेब" म्हणाला तरी. झिजलेलं टोक धार लागल्यासारखं होतं आणि प्रत्येक वेळी थोडं संगीत खरवडून नेतं. वजनही मोजायचं, बऱ्याच मॅग्नेटिक कार्ट्रिजना दीड ते अडीच ग्रॅम पुरतं, तुमच्या कार्ट्रिजचा आकडा त्याच्या कागदावर असतो.

आणि साफसफाई. विनाइल पुसायच्या पाण्यात पुष्कळ लोक अल्कोहोल घालतात. ते ७८ ला चुकूनही लावू नका! लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, हो, आपलं फर्निचरचं पॉलिश असतं ना, तसंच. मऊ ब्रश, डिस्टिल्ड पाणी, आणि कागदी लेबल कोरडं.

आता इथे काटा आणि भिंग ठेवलंय. कुणी आपली सुई आणली असेल तर पुढे या, एकेक बघू. पहिल्या चाचणीला मात्र आपण ही चरा पडलेली रेकॉर्डच लावणार आहोत.