डोंगरावर १०८ कुठपर्यंत येते?

जून महिन्यातली गोष्ट. दुपारची ओपीडी संपत आली होती. एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर, माझे रक्तदाबाचे जुने पेशंट, गोळ्या लिहून झाल्या तरी खुर्चीतून उठेनात. शेवटी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरगा पुन्याले इंजिनिअरिंगले हाय. आता पावसात किल्ले चढाले जातो म्हनते. जाऊ देऊ का नको?"

मी विचारले, "कोणाबरोबर जातो?"

"ते मले नाही माहीत. मोबाईलवर जाहिरात आली म्हने. जेवनासकट सातशे रुपये."

मी त्यांना 'नको' म्हणालो नाही. डोंगर चढण्याइतका चांगला व्यायाम थोडाच असतो. फुफ्फुसे, हृदय, मांड्या, सगळ्यांना एकदम काम मिळते, आणि एवढ्या पोरांची साखर विशी-पंचविशीत वाढलेली आता मी रोज पाहतो की त्यांना कोणी घराबाहेर काढले तर मला बरेच वाटते. पण मी त्यांना तीन प्रश्न चिठ्ठीवर लिहून दिले. प्रमुख कोण आहे व त्याने प्रशिक्षण कुठे घेतले? पंधरा-वीस पोरांमागे जाणकार माणसे किती? आणि कोणी पडले तर खाली कसे आणणार?

हा तिसरा प्रश्न मला फार महागात शिकायला मिळाला आहे.

पंचवीसेक वर्षे झाली. मी नवा डॉक्टर. हिवाळ्यात शाळकरी मुलांची एक सहल सातपुड्याच्या पायथ्याशी निघाली होती, सोबत डॉक्टर हवा म्हणून मला नेले. उतरताना नववीतला एक मुलगा निसटला आणि दहा-बारा फूट खाली आदळला. मांडीचे हाड मोडले होते. माझ्या पेटीत आयोडीन, बँडेज, वेदनाशामक गोळ्या आणि उलटीचे औषध. दोर नाही, स्ट्रेचर नाही, मोडलेला पाय बांधायला फळीसुद्धा नाही. दोन शिक्षक रडकुंडीला आले. मी घाईघाईने, पाय नीट न बांधताच, त्याला सतरंजीत घालून उचलायला लावले. अर्ध्या वाटेवर पाड्यावरची माणसे बाज घेऊन आली म्हणून निभावले. रस्त्याला लागेपर्यंत तीन तास गेले. मांडीचे हाड मोडले की लिटरभर रक्त आतल्या आत मांडीत साठू शकते, बाहेर एक थेंब दिसत नाही. मुलगा वाचला. पण त्याचा तो पाय आखूड राहिला. मोडलेला पाय दुसऱ्या चांगल्या पायाला पंच्याने जरी बांधला असता, तरी त्याचे हाल निम्मे झाले असते. हे मला पुस्तकात शिकवलेले होते. ऐनवेळी आठवले नाही.

आता १०८ ची रुग्णवाहिका आहे. २०१४ पासून ती राज्यात धावते आणि तिने किती जीव वाचवले ते आम्हा डॉक्टरांना ठाऊक आहे. पण १०८ येते डांबरी संपते तिथपर्यंत. तिथून वर, जिथे माणूस पडला आहे, तिथपर्यंतचा दीड-दोन तासांचा चढ कोणाच्या खात्यात? बहुतेक वेळा कोणाच्याच नाही.

ही उणीव आपल्या राज्यात डोंगरभटक्यांनीच भरून काढली. पुणे, मुंबई, नाशिक, लोणावळा, महाबळेश्वर, खोपोली अशा ठिकाणी गिर्यारोहणाची मंडळे आहेत. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स ही त्यातली नावे वर्तमानपत्रातून आपण वाचतो. अशा संस्थांचा मिळून 'अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघ' आहे. २०१२ साली पुण्याच्या 'गिरिप्रेमी'ची एव्हरेस्ट मोहीम ज्यांच्या नेतृत्वाखाली झाली, ते उमेश झिरपे या महासंघाच्या कामात पुढे राहिले आहेत. आणि गिर्यारोहकांनीच चालवलेले एक बचाव समन्वय केंद्रही आहे. डोंगरात कोणी अडकले की फोन तिथे जातो. किती माणसे, कुठली वाट, शुद्ध आहे का, रक्त जाते का, मोबाईलची बॅटरी किती उरली, हे विचारून सर्वांत जवळच्या मंडळाला निरोप जातो. रात्री अकरा वाजता कोणी दुकानदार, कोणी बँकेतला कारकून दोर आणि स्ट्रेचर घेऊन निघतो. पगार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान उघडायचे असते.

२८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली आणि एकच जण वाचला. त्या खोल दरीत दोरावरून उतरून मृतदेह वर आणण्यात ही ट्रेकर मुले होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. वर जायला गाडीरस्ताच नाही, यंत्रे नेता येत नाहीत, पाऊस थांबत नाही. तिथेही आसपासची ट्रेकर मंडळी मदतीला चढून गेली, कारण ती वाट त्यांच्या पायाखालची होती. महासंघाचा खरा उपयोग इथे आहे. वाट माहीत असलेला माणूस कुठल्या गावात राहतो, ही यादी अपघात होण्याआधी तयार लागते.

दुसरे काम कमी दिसते, ते म्हणजे चालणाऱ्यांच्या वतीने सरकारदरबारी बोलणे. इंग्लंडात १९३२ साली किंडर स्काऊट नावाच्या डोंगरावर जमीनदारांची मनाई मोडून गिरणी-कारखान्यांतले कामगार चढले, काहींना तुरुंगवास झाला आणि १९३५ साली तिथल्या पदभ्रमण मंडळांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आपल्याकडे प्रश्न निराळा आहे. पावसाळ्यात एखाद्या धबधब्यावर अपघात झाला की जिल्हा प्रशासन बंदीचा आदेश काढते. साहसी खेळांसाठी राज्याने २०१४ साली नियमावली केली, २०१८ साली नवा निर्णय आला, त्यावर गिर्यारोहण संस्थांनी हरकती घेतल्या आणि २०२१ मध्ये पर्यटन विभागाचे साहसी पर्यटन धोरण आले. हौसेने चालणारे मंडळ आणि माणशी सातशे रुपये घेऊन पन्नास पोरे गडावर सोडणारा धंदेवाला यांना एकाच तराजूत तोलू नये, हे मला रास्त वाटते. पण नियमच नकोत, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. तो आखूड पाय मी पाहिलेला आहे.

नियम आले की सर्टिफिकेट आले. इथे आम्हा डॉक्टर मंडळींनीही खाली मान घालावी. "साहेब, फक्त फिटनेस पाहिजे, बाहेर गाडी उभी आहे," असे म्हणत पालक येतात आणि दोन मिनिटांत सही होते. मीही अशा सह्या केल्या आहेत. आता करत नाही. दमा आहे का, फिट येते का, घरात कोणी तरुणपणी अचानक गेले का, मधमाशी चावल्यावर पूर्वी अंगभर गांधी उठून श्वास अडकला होता का, एवढे विचारतो. चाळिशीपुढच्यांना दोन जिने चढायला लावतो. पेशंट हसतात, पण छातीत भरून येणारे दोघे मला त्या जिन्यानेच सापडले.

मधमाशीचे मुद्दाम लिहितो, कारण किल्ल्यांवर ते नेहमीचे संकट आहे. पोळ्याखाली धूर, अत्तर, आरडाओरडा नको. माश्या उठल्या तर तोंड-मान झाकून तिथून दूर व्हावे. काटे नखाने खरवडून लवकर काढावेत. डंख बरेच असतील, किंवा ओठ सुजले, श्वास लागला, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. साप चावला तर आवळून बांधू नये, चिरू नये. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून न्यावे. आपल्याकडच्या उन्हात चालणारा माणूस बरळू लागला तर तो थकलेला नसून त्याला उष्माघात झालेला असतो. तिथेच सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला, मग हलवा. आणि उंचावरून पडलेल्याची मान दुखत असेल तर त्याला 'उठून बस' म्हणू नका.

कोणी म्हणेल, हे सह्याद्रीचे, आपल्याला काय? आपल्याकडे मैलगड आहे, अंबाबरवा आहे, लोणारचे विवर आहे, राजूर घाट आहे. आपल्या जिल्ह्यातला सर्वांत नामवंत पदयात्री तर माणूस नव्हेच. टिपेश्वरहून तेराशे किलोमीटरवर चालत २०१९ साली ज्ञानगंगा अभयारण्यात आलेला तो वाघ, ज्याला 'वॉकर' नाव पडले. त्याच्या घरात जाताना वनखात्याला विचारूनच जावे.

आणि संघटितपणे चालणे आपल्याला का नवे आहे? शेगावहून श्रींची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा सुमारे सातशे वारकरी रांगेत असतात. मुक्काम ठरलेले, पाणी ठरलेले, सोबत औषधोपचाराची सोय. परतीला खामगाव ते शेगाव या शेवटच्या टप्प्यात लाखो माणसे चालतात. त्या दिवशी मी पायाचे फोड फोडत बसतो. (घरी तुम्ही फोडू नका; स्वच्छ पट्टी लावा.) एवढ्या गर्दीतही चक्कर आलेला माणूस काही मिनिटांत माझ्यापर्यंत पोहोचतो, कारण कोणी कुठे उभे राहायचे हे आधी ठरलेले असते. डोंगरासाठी तसे ठरवायला किती माणसे लागतील? एका तालुक्याला दहा-बारा. दोन दोर, एक गुंडाळता येणारे स्ट्रेचर, महासंघाच्या एखाद्या अनुभवी मंडळाकडून दोन-चार दिवसांचे शिक्षण, आणि पाड्यावरच्या चार माणसांचे मोबाईल नंबर. प्रथमोपचार शिकवायला मी रविवारी मोकळा असतो.

पंधरा दिवसांनी कंडक्टरसाहेब पुन्हा आले. रक्तदाब बराच खाली होता. पोराने तिन्ही प्रश्न त्या जाहिरातवाल्याला विचारले होते. पहिल्या दोघांची उत्तरे गोलमाल मिळाली, तिसऱ्यावर फोनच ठेवला.

"मंग गेला नाही का?" मी त्यांच्याच बोलीत विचारले.

"गेला ना. कॉलेजातल्या मंडळासंगं गेला. त्यायनं आधी त्यालेच दोर बांधाले शिकवलं म्हने, तीन रविवार."