हेटफिल्डचा क्लीन टोन राहुरीत जमेल का?

मेटल म्हटले की फाटलेला, अंगावर येणारा आवाज आठवतो. पण मेटालिकाच्या जेम्स हेटफिल्डची ओळख त्याच्या स्वच्छ, किंचित थरथरणाऱ्या गिटारीनेही पक्की केली. १९८६चे ‘सॅनिटेरियम’, १९८८चे ‘वन’ आणि १९९१चे ‘नथिंग एल्स मॅटर्स’ यांची सुरुवात ऐकावी. हा आवाज हवा म्हणून राहुरीतला पोरगा आधी महागड्या गिटारीच्या किमती काढतो. हिशेब इथेच उलटा लागतो. त्या आवाजाचे मर्म आधी दोन स्पीकरांत आणि उजव्या हातात आहे. गिटारीची किंमत त्यानंतर येते.

हेटफिल्डच्या क्लीन टोनशी ज्या अॅम्पचे नाव जोडले जाते, तो रोलँडचा जेसी-१२० हा १९७५ साली आला. त्याचे पूर्ण नाव ‘जॅझ कोरस’. म्हणजे मेटलचा हा आवाज जॅझचे नाव लावलेल्या यंत्रातून निघाला. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, सगळे ट्रान्झिस्टर. साठ वॉटचे दोन अॅम्प, बारा इंची दोन स्पीकर. कोरस लावला की एका स्पीकरमधून मूळ आवाज येतो. दुसऱ्यातून तोच आवाज अगदी थोडा उशिरा, आणि तो उशीर सारखा कमी-जास्त होत राहतो. त्यामुळे सूर हलका डोलतो आणि दोन्ही आवाज खोलीच्या हवेत मिसळतात. गवयाच्या मागे मिरजेचे दोन तानपुरे कितीही जुळवून लावले तरी तंतोतंत एक होत नाहीत, आणि नाद भरतो तो त्या फरकामुळेच. कोरसचे गणित तेच. म्हणून कोरस पेडल एकाच ब्लूटूथ स्पीकरला जोडले, तर मिश्रण आधीच तारेत होते आणि ती रुंदी जाते. साधे स्टिरिओ हेडफोन किंवा संगणकाचे दोन स्पीकर इथे जास्त कामाचे.

यावर कोणी म्हणेल, तारांचे कंपन टिपणाऱ्या पिकअपचे काय? हेटफिल्डच्या गिटारीतले ईएमजी पिकअप नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. खरखर कमी राहते आणि लांब केबलमध्येही वरचे सूर बोथट होत नाहीत. फरक आहेच. पण तो सुबकपणाचा आहे, आणि साध्या पिकअपवर आखूड केबलने बराचसा भरून निघतो. दुसरा आक्षेप असा की, मोबाइलमधले अॅप आता हाच अॅम्प हुबेहूब उभा करते. अॅम्प उभा करते, हे खरे. बोटे मात्र उभी करत नाही. ‘नथिंग एल्स मॅटर्स’ची पहिली छेड निव्वळ मोकळ्या तारांची आहे आणि हेटफिल्ड ती पिकऐवजी बोटांनी वाजवतो. डाव्या हाताला तिथे कामच नाही, त्यामुळे सगळी परीक्षा उजव्याची. डिस्टॉर्शन, म्हणजे मेटलचा तो फाटलेला आवाज, हळू-जोरात छेडलेल्या स्वरांना दाबून एका पातळीवर आणते, चूक झाकते. क्लीन टोनमध्ये एक तार जोरात लागली तरी लगेच कळते. तेव्हा आधी उजव्या हाताचा रियाज, मग दुसरा स्पीकर, आणि पैसे उरले तर पिकअप. हा क्रम पाळला तर राहुरीत साध्या गिटारीवरही त्या आवाजाच्या बऱ्यापैकी जवळ जाता येते.