ओढ्यांतील रानमासे आणि कांचेचें टाकें

दोन वर्षांपूर्वीं माघ महिन्यांत आमच्या शेताखालच्या ओढ्यावर दोन अनोळखी माणसें बारीक जाळीं घेऊन आलीं. हा ओढा कृष्णेच्या एका उपनदीस मिळतो. बांधापाशीं त्यांत दगडगोटे पुष्कळ असून त्यांच्या आडोशास बोटाएवढे, अंगावर पिवळ्या व काळ्या रंगाचे आडवे-उभे पट्टे असलेले मासे राहतात. आमच्याकडे हे मासे कोणी खात नाहीं. पोरें ते धरतात, ओंजळींत पाहतात आणि सोडून देतात. “अण्णा, हे पट्ट्याचे मासे आम्हांस धरूं द्या, डझनावर पैसे देतों,” असें त्यांपैकीं एकानें म्हटलें. खावयाच्या उपयोगी नसलेल्या माशास पैसे कोण देतो, म्हणून चौकशी केली; तेव्हां समजलें कीं, हे मासे शहरांतील व्यापाऱ्याकडे जातात, आणि तेथून पिशव्यांत भरून विमानानें परदेशीं, श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतील कांचेच्या टाक्यांत जातात. मीं होय म्हटलें नाहीं व नाहींहि म्हटलें नाहीं. चार दिवसांनीं या, असें सांगून त्यांस वाटेस लावलें.

त्या चार दिवसांत माझ्या हातून एक चूक घडली. माझा भाचा कोल्हापुरास शिकावयास आहे. त्यानें हौसेनें दोन फूट लांबीचें नवें टाकें आणलें होतें. “मामा, आपल्याच ओढ्यांतले मासे ठेवूं या, विकतचे कशास?” असें तो म्हणाला, व मलाहि तें पटलें. आम्हीं आठ मासे धरून डब्यांतून नेले. नवव्या दिवशीं त्यांपैकीं दोन शिल्लक राहिले. शेतकऱ्याच्या घरीं जनावर दगावलें म्हणजे कारण शोधल्यावांचून चैन पडत नाहीं. मासा झाला म्हणून तो नियम कांहीं बदलत नाहीं. तेव्हांपासून ह्या विषयावर जें मिळेल तें वाचीत गेलों, व जाणत्यांस विचारीत गेलों.

पहिला दोष टाकें नवें असण्याचा होता. मासा कल्ल्यांवाटे पाण्यांत अमोनिया टाकतो. सकाळीं गोठ्याचें दार उघडतांच नाकाडोळ्यांस झोंबतो तोच हा पदार्थ. ओढ्यांत तो वाहून जातो, आणि दगडांवर वस्ती करून असलेले सूक्ष्म जंतु त्याचें आधीं नायट्राइट व मग नायट्रेट करतात. आपण शेतांत टाकलेल्या शेणखताचें व युरियाचें नायट्रेट होतें तेंहि अशाच जंतूंच्या हातून होतें. परंतु नव्या कांचेवर व धुतलेल्या वाळूवर हे जंतु पुरेसे नसतात. त्यांची वस्ती नीट बसण्यास चार-सहा आठवडे जातात, आणि तोंवर टाक्यांतील मासा स्वतःच्याच मुतांत पोहत असतो. पाणी दिसावयास अगदीं स्वच्छ असतें, हाच त्यांतला धोका होय. जुन्या टाक्यांतील गाळणीचा थोडा स्पंज नव्या टाक्यांत पिळला असतां जंतूंचें विरजण लागतें. आम्हांस हें ठाऊक नव्हतें.

दुसरें, ओढ्याचें पाणी दगडांवर आपटत जातें, म्हणून त्यांत प्राणवायु भरपूर मिसळतो. २० अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो. ३० अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. पाणी तापलें म्हणजे मासा अधिक जोरानें श्वास घेऊं लागतो, आणि नेमका त्याच वेळीं त्याच्या वांट्याचा प्राणवायु घटतो. भाच्याची खोली पत्र्याची होती. दुपारीं तेथें काय होत असेल, हें निराळें सांगावयास नको.

पांचव्या दिवशीं माशांच्या परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले. हा एका परजीवी सूक्ष्म प्राण्याचा रोग असून दमलेल्या माशास तो लवकर गांठतो. भाच्यानें दुकानांतून औषध आणलें व बाटलीवर लिहिलेलें पुरें प्रमाण टाकलें. आतां ह्या माशाचे खवले इतके बारीक असतात कीं, ते नसल्यासारखेच. त्यामुळें औषध त्याच्या अंगास इतर माशांहून अधिक बाधतें. जाणते लोक निम्म्या प्रमाणानें आरंभ करतात. रोगानें अधिक मारले कीं औषधानें, हें आज सांगतां येणार नाहीं. माझा संशय औषधावर आहे.

ज्यांस रानमासे पाळावयाचेच आहेत, त्यांच्यासाठीं येथें थोडें सांगतों. दूरच्या प्रवासास निघालेल्या माशास आधीं एक-दोन दिवस उपाशीं ठेवतात, म्हणजे पिशवींतील पाणी घाण होत नाहीं. पिशवींत एक भाग पाणी व दोन भाग प्राणवायु भरून ती अंधाऱ्या पेटींत ठेवतात. पट्ट्याच्या माशाच्या डोळ्याखालीं उभारतां येणारा कांटा असतो. तो जाळ्यांत अडकतो व पिशवीस भोंक पाडतो, म्हणून पिशवी दुहेरी लागते. पिशवी पोहोंचल्यावर ती उघडून घटका-दोन घटका तशीच ठेवण्याची चाल आहे, ती वाईट. बंद पिशवींत माशाच्या श्वासामुळें पाणी आंबट होतें व त्या आंबटपणामुळें अमोनिया विशेष बाधत नाहीं. पिशवी उघडतांच कर्बवायु उडून जातो, आंबटपणा कमी होतो आणि तोच अमोनिया जहाल बनतो. यास्तव बंद पिशवी टाक्याच्या पाण्यावर तरंगत ठेवून उष्णता सारखी करावी आणि उघडल्यावर मासे लवकर बाहेर काढावे. पिशवींतील पाणी टाक्यांत ओतूं नये. नवा मासा निदान महिनाभर वेगळ्या टाक्यांत ठेवावा. बाजारांतून आणलेली म्हैस आपण थेट दावणीस बांधीत नाहीं, तसेंच हें. रानांत धरलेल्या ह्या जातीच्या पोटांत पुष्कळदां कृमि असतात, व खाऊनहि मासा वाळत जातो. तें त्या एकान्तवासांत ध्यानांत येतें. शिवाय हा मासा घोळक्यानें राहणारा आहे. पांच-सहांहून कमी ठेवले तर ते दगडाखालून बाहेर येत नाहींत.

ह्या माशाचें शास्त्रीय नांव बोटिया स्ट्रायाटा. सी. आर. नारायण राव ह्यांनीं तुंगा नदींतील माशांवरून १९२० सालीं त्याचें प्रथम वर्णन केलें. व्यापारी त्यास झेब्रा लोच म्हणतात. सह्याद्रीच्या नद्यांखेरीज तो जगांत कोठेंहि आढळत नाहीं, आणि नष्ट होण्याच्या धोक्यांत असलेल्या जातींच्या जागतिक यादींत त्याचें नांव आहे. आमच्या पोरांचें खेळणें एवढें मोलाचें होतें, हें आम्हांस परक्या माणसांच्या जाळ्यानें कळलें ! २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दाखविलें आहे कीं, २००५ ते २०१२ ह्या काळांत धोक्यांतील ३० जातींचे मिळून निदान १५ लाख गोड्या पाण्यांतील मासे हिंदुस्थानांतून शोभेसाठीं बाहेर गेले. त्यांची किंमत सुमारें १६ लाख डॉलर होती, म्हणजे माशामागें एक डॉलरच्या आसपास. ज्या थोड्या जातींचा त्यांत मोठा वांटा होता, त्यांत हा पट्ट्याचा मासा आहे.

त्यांतच केरळचा एक मासा आहे, त्याची हकीगत ऐकण्यासारखी आहे. त्यास ‘मिस केरळ’ म्हणतात. वीतभर लांबीचा, बाणासारखा निमुळता. तोंडापासून डोळ्यावरून अर्ध्या अंगापर्यंत तांबडी रेघ आणि तिच्याखालीं शेपटीपर्यंत काळी रेघ. फ्रान्सिस डे ह्यांनीं १८६५ सालीं मुंडकयम् येथील माशांवरून त्याचें वर्णन केलें व मद्रासचे गव्हर्नर डेनिसन ह्यांचें नांव त्यास दिलें. पुढें सव्वाशें वर्षे त्याच्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. १९९० नंतर परदेशांत त्याची मागणी वाढली, आणि डोंगरी नद्यांतून त्याचे थवेच्या थवे उचलले जाऊं लागले. २०१३ सालीं शास्त्रज्ञांनीं त्याचें कुलनाम बदलून ‘सह्याद्रिया’ असें ठेवलें. हें काम करणाऱ्यांत पुण्याचे एक संशोधकहि होते. केरळ सरकारनें २००८ सालीं धरण्यावर निर्बंध घातले, तें योग्यच झालें. परंतु बंदीचे महिने ठरविले ते जून, जुलै व ऑक्टोबर. आणि पुढील संशोधनांत दिसून आलें कीं, हा मासा मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च ह्या काळांत अंडीं घालतो. पेरणी केव्हां होते हें न पाहतां राखण बसविण्याचाच हा प्रकार झाला. कोचीजवळच्या पनंगाड येथील मत्स्यविद्यालयांत ह्या माशाची पैदास टाक्यांत करण्यांत यश आलें, व परदेशांतहि त्याची पैदास होऊं लागली.

तेव्हां रानांतला मासा धरूं नये, पैदास केलेलाच पाळावा, असें कोणी चट्कन् म्हणेल. मलाहि प्रथम तसेंच वाटलें. पण ब्राझील देशांतील निग्रो नदीची गोष्ट वाचल्यावर मी थोडा थबकलों. त्या नदीवरील बार्सेलोस नांवाच्या गांवचे कोळी कार्डिनल टेट्रा नांवाचा, निळ्या-तांबड्या पट्ट्याचा एक इंचभर मासा धरून कित्येक पिढ्यांचें नव्हे तरी कित्येक वर्षांचें पोट भरीत आले आहेत. गांवांत त्या माशाच्या नांवानें दरसाल जत्रा भरते. पुराचें पाणी अरण्यांत शिरतें तेव्हां हा मासा अमाप वाढतो, व पाणी ओसरलें म्हणजे त्यांपैकीं बहुतेक कोरड्या पडणाऱ्या डबक्यांत मरून जातात. रानांत त्याचें आयुष्य वर्षाच्या आसपासच असतें. म्हणून बेतानें धरल्यास नदीचें नुकसान होत नाहीं, आणि ज्यास माशावर पोट भरतां येतें तो अरण्य तोडावयास जात नाहीं. ‘मासा घ्या, झाड वांचवा’ असें तेथील कार्यकर्ते म्हणतात, तें ह्यासाठीं. परदेशांत ह्याच माशाची पैदास सुरू झाल्यावर त्या कोळ्यांची मिळकत घटली. म्हणजे पैदास ही सर्वत्र पुण्यकर्म ठरते असें नाहीं.

मग आमच्या ओढ्याचें काय? येथें फरक आहे. बार्सेलोसचा मासा एका वर्षाचें पीक आहे. आमचा पट्ट्याचा मासा दहा वर्षांहून अधिक जगतो, म्हणजे तो फळझाडासारखा आहे. निग्रो नदीचा पूर कोसच्या कोस पसरतो. आमचा ओढा वैशाखांत तुटून त्याचे तीन-चार डोह उरतात. त्या डोहांत जे मासे तग धरतात, तेंच मृगानंतरचें बियाणें. एका दुपारीं दोन माणसें बारीक जाळ्यानें असा डोह झाडून नेऊं शकतात. आणि अशा ओढ्यांत काय दडलेलें असतें ह्याची आपणांस कल्पनाहि नसते. आंबोलीस हिरण्यकेशीच्या उगमावर, देवळाच्या कुंडांत, शास्त्रास अगदीं नवी अशी माशाची एक जात २०२० सालीं नोंदली गेली. तिला नदीचेंच नांव दिलें, व २०२१ सालीं सरकारनें ती जागा जैवविविधतेचा वारसा म्हणून जाहीर केली. देवाच्या भयानें कोणी तेथें जाळें टाकलें नसेल, म्हणून ती जात राहिली असावी, असें मला वाटतें.

ज्यांस ह्या धंद्यांतून मिळकत करावयाची आहे, त्यांनीं गप्पी, मोली, गोल्डफिश असे पाळीव मासे सिमेंटच्या हौदांत वाढवावे. त्यांस कोणाचा ओढा लागत नाहीं. २०२० सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेंत अशा घरगुती हौदांचाहि समावेश केला गेला; चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कचेरींत करावी. मात्र हौदाचें पाणी ओढ्यांत जाऊं देऊं नये, आणि कंटाळा आला म्हणून परदेशी मासा विहिरींत किंवा तळ्यांत कधींहि सोडूं नये. टाक्याची कांच चाटण्यासाठीं विकला जाणारा दक्षिण अमेरिकेचा सकर मासा असाच सुटला, व आज केरळ, आंध्र आणि बंगाल येथील कोळ्यांचीं जाळीं त्याच्या कांट्यांनीं फाटत आहेत.

चार दिवसांनीं तीं दोन माणसें पुन्हां आलीं. त्या वेळीं मला ह्यांतलें फारसें कांहीं ठाऊक नव्हतें. फक्त भाच्याच्या टाक्यांतील पहिला मासा आदल्याच दिवशीं मेला होता. मीं त्यांस नको म्हणून सांगितलें. ते रागावले नाहींत. “वरच्या गांवीं धरूं, अण्णा,” असें म्हणून ते ओढ्याच्या काठानें वर निघून गेले. तेथें त्यांनीं काय केलें तें मीं विचारलें नाहीं; विचारावयास हवें होतें. ओढा आमच्या बांधापाशीं सुरू होत नाहीं.

राहिलेले दोन मासे अद्याप भाच्याच्या टाक्यांत आहेत. ते परत सोडावे असें मनांत होतें, पण टाक्यांतील रोग त्यांच्याबरोबर ओढ्यांत जाईल, म्हणून जाणत्यांनीं मनाई केली. जोडीस आणखी चार धरून आणावे तर ज्या गोष्टीस मीं परक्यांस नको म्हटलें, तीच स्वतः केल्यासारखें होईल. म्हणून ते दोघेच राहतात. दिवसभर दगडाखालीं असतात. रात्रीं दिवा मालवल्यावर बाहेर येतात व वाळूंत मिशा खुपसून फिरतात, असें भाचा सांगतो.