परदेशी मदत लालबर्ऱ्यात कुठल्या वाटेनं येते?

गैरसमज : परदेशी पैसा आपल्या गावापर्यंत येतच नाही.

नोटांच्या रूपात बहुधा येत नाही, हे खरं. पण बालाघाट जिल्ह्यातल्या लालबर्ऱ्यात बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आशा दीदीनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिच्या घरी जायचं असतं. बाळाचं वजन किती, ताप आहे का, श्वास कसा चालतो, दूध नीट ओढतं का, हे पाहायचं. या सगळ्या भेटींचे मिळून तिला 250 रुपये ठरले. कामाच्या मानानं ही रक्कम मला लाजिरवाणी वाटते.

2011 पासून देशभर सुरू झालेल्या या भेटींचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं तिथल्या 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. जंतुसंसर्ग ओळखून घरीच उपचार करण्यापर्यंत त्यांची तयारी होती. शेजारच्या 47 गावांत ही सेवा नव्हती. तिथलेही जन्म आणि मृत्यू मोजले गेले. त्यामुळेच फरक काळाच्या ओघानं पडला की कामामुळे, हे ठामपणे सांगता आलं. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले : नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, खर्च एका बाळामागे सुमारे पाच डॉलर.

या कामामागे अमेरिकेतल्या फोर्ड आणि मॅकआर्थर फाउंडेशनचा पैसा होता. म्हणजे मदत खाजगी, दुसऱ्या देशाच्या सरकारची नव्हे. पण तिनं इमारत बांधून पाटी लावली नाही. स्वस्त उपाय खरंच लागू पडतो का, हे तपासायचा खर्च तिनं उचलला. तो देशभर नेण्याचा भार पुढे आपल्याच सरकारी तिजोरीनं घेतला. परदेशी पैशाचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

गैरसमज : गरिबाच्या हाती रोख दिली की दारूत जाते.

हे आपल्या मध्य प्रदेशातच तपासून झालंय. 2011 मध्ये युनिसेफच्या पैशातून आणि ‘सेवा’ या महिला संघटनेच्या मदतीनं इंदूर जिल्ह्यातल्या आठ गावांत प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला 200 आणि मुलामागे 100 रुपये बिनशर्त दिले गेले. पुढे रक्कम वाढवली. दारूवरचा खर्च वाढल्याचं दिसलं नाही. मुलांचं, विशेषतः मुलींचं, वजन सुधारलं. रोख मदतीनं दारूवरचा खर्च वाढत नाही, असंच जागतिक बँकेच्या 2014 च्या आढाव्यातही आढळलं. अर्थात जवळपास नर्सच नसेल तर रोख घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न उरतोच.

गैरसमज : भारत अजून मदतीवरच चालतो.

2003 मध्येच भारतानं बहुतेक छोट्या देणगीदार देशांची मदत नाकारली. ब्रिटननं आपलं थेट आर्थिक अनुदान 2015 मध्ये संपवलं. जागतिक बँकेकडून येतं ते मुख्यतः कर्ज. ते फेडावं लागतं. भूतानसारख्या शेजाऱ्यांना तर आपणच मदत देतो.

गैरसमज : पैशापेक्षा धान्य पाठवलेलं बरं.

धान पिकवणाऱ्या लालबर्ऱ्याला हे वेगळं सांगायला नको : ऐन कापणीत बाहेरचा फुकट तांदूळ उतरला तर बाजारात भाव पडतो. शिवाय अमेरिकेच्या कायद्यानुसार तिथल्या अन्नमदतीचा निदान निम्मा माल अमेरिकी जहाजांतूनच जायला हवा, म्हणून मदतीतला बराच पैसा भाड्यात मुरतो. जागतिक अन्न कार्यक्रम जमेल तिथे जवळच्याच बाजारातून धान्य घेतो किंवा रोख वाटतो, ते यामुळेच.