कॅमेरा फोकस धरत नाही? पुण्याला पाठवण्याआधी हे तपासा

अहमदनगर (2024 पासून अधिकृत नाव अहिल्यानगर), भिंगार, श्रीरामपूर, संगमनेर या भागात लग्नाच्या फोटोग्राफीवर पोट असलेले अनेक तरुण आपल्यात आहेत. "कॅमेरा फोकस धरत नाही" ही त्यांची लग्नसराईतली नेहमीची तक्रार. निकाहनाम्यावर सह्या होतात तो क्षण दुसऱ्यांदा येत नाही. फोटो पुसट आला की उरलेले पैसे अडकतात आणि त्या मोहल्ल्यातली पुढची ऑर्डरही जाते. मग घाबरून कॅमेरा पुण्याला दुरुस्तीला धाडला जातो व ऐन हंगामात हातचे यंत्र जाते. आमच्या मते अशा पुष्कळ तक्रारींत कॅमेरा धडधाकट असतो. अर्धा तास घरी तपासणी केली तर खर्च आणि खेप दोन्ही वाचू शकतात.

प्रथम बिघडलेला फोटो मोठा करून पाहावा. नवरदेवाचा चेहरा पुसट पण मागचा पडदा स्पष्ट असेल, तर प्रश्न फोकसचा आहे. काहीच स्पष्ट नसेल आणि दिव्यांच्या रेघा ओढल्या गेल्या असतील, तर हात हललेला आहे. तेथे शटर 1/125 किंवा त्याहून जलद ठेवणे हाच उपाय. या दोन दोषांची गल्लत फार होते.

ऑटोफोकसला माणूस ओळखता येतोच असे नाही. त्याला मुख्यतः उजेड आणि सावली यांतला फरक लागतो. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेल्या प्रकाशाचा काही भाग तळाशी बसवलेल्या वेगळ्या सेन्सरवर जातो. तेथे दोन प्रतिमांची तुलना होऊन लेन्स कोणत्या बाजूला किती फिरवायची ते ठरते. तुलनेसाठी रेघ, कडा, नक्षी काहीतरी हवे. खात्री करायची तर दमडी मशिदीच्या कोरीव दगडावर कॅमेरा रोखा, फोकस चटकन बसेल. तोच कॅमेरा चुना दिलेल्या कोऱ्या भिंतीवर रोखला की लेन्स पुढे-मागे घरघरत राहील. पांढरी शेरवानी, मंद उजेडातला मंडप, काळा बुरखा या सर्वांची गत त्या भिंतीसारखीच. अशा वेळी कॉलरची कडा, बटण किंवा टोपीची किनार धरावी.

सेहऱ्याचा प्रश्न निराळा आहे. सर्व फोकस-बिंदू चालू ठेवले की कॅमेरा बहुधा सर्वांत जवळची वस्तू पकडतो, म्हणजे फुले स्पष्ट आणि नवरदेव धूसर. वधूच्या जाळीदार ओढणीचेही तसेच. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांतील डोळा ओळखण्याची सोय येथे अनेकदा चकते, कारण डोळाच झाकलेला असतो. एकच बिंदू निवडून तो सेहऱ्याच्या फटीतून दिसणाऱ्या चेहऱ्यावर ठेवावा. तेही न जमल्यास लेन्सची रिंग हाताने फिरवावी. 1985 साली मिनोल्टा 7000 आला, त्याआधी एसएलआरवाले बहुतेक सगळे हातानेच फोकस करीत. ती सवय आज मोडली आहे, पण मोडू नये असे आम्हांस वाटते.

आता यंत्राकडे वळू. लेन्सवरील एएफ-एमएफ बटण बॅगेत घासून सरकते, ते आधी पाहावे. मेंदी किंवा अंगठीचा फोटो फार जवळून घेतला जातो. 50 मिमीच्या बऱ्याच लेन्स सुमारे दीड फुटाच्या आत फोकस घेतच नाहीत. लेन्स काढून मागचे सोनेरी संपर्कबिंदू स्वच्छ कोरड्या कापडाने पुसावेत, पॉलिश पेपर कदापि लावू नये. जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत आहे, धूळ पुष्कळ, म्हणून लेन्स उघड्यावर बदलू नये. त्यानंतर मित्राची लेन्स आपल्या बॉडीवर व आपली लेन्स त्याच्या बॉडीवर लावून पाहावी. दोष कुठे आहे ते यातून बहुतेक उघड होते.

जुना माल घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. निकॉनच्या जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते, बॉडीतील स्क्रू त्यांना फिरवतो. 2006 च्या डी40 मध्ये आणि डी3000, डी5000 मालिकेतील बॉडींत ती मोटर नाही. तेथे लेन्स ठणठणीत असूनही आपोआप फोकस होणार नाही. हे माहीत नसल्याने कोणी चांगली लेन्स खराब म्हणून कवडीमोलाने विकतो, कोणी निरुपयोगी जोडी पूर्ण दामाने घेतो. कॅननच्या 1987 पासूनच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्सच्या आतच आहे.

एवढ्यावरही शंका राहिली तर बारीक टाइपाचे वर्तमानपत्र टेबलावर तिरके ठेवा, कॅमेरा स्टँडवर लावा, ॲपर्चर पूर्ण उघडा आणि मधल्या एका ओळीवर दहा फोटो घ्या. प्रत्येक फोटोआधी लेन्स हाताने बिघडवून पुन्हा फोकस करू द्यावा. दहाही फोटोंत तीच मागची ओळ स्पष्ट आली तर जुळणी सरकली आहे. हाच प्रयोग मागच्या पडद्यावर पाहून, म्हणजे लाइव्ह व्ह्यूमध्ये करावा. तेथे फोटो स्वच्छ आणि व्ह्यूफाइंडरमधून पुसट आला, तर लेन्सची काच व मोटर शाबूत समजावी. वरच्या दर्जाच्या डीएसएलआरमध्ये ही जुळणी मेनूतून स्वतः करता येते, स्वस्त बॉडीत बहुधा नाही. दहा फोटो दहा ठिकाणी स्पष्ट आले, रिंग खरखरते आहे किंवा लेन्स पडलेली आहे, तर मात्र कारागिराकडेच जावे. हे फोटो सोबत द्यावेत आणि बॉडी व लेन्सचा नंबर घालून पावती घ्यावी.

रात्रीच्या मंडपासाठी एक गोष्ट उरते. बाहेरच्या फ्लॅशमधून पडणारा लाल साहाय्यक किरण अंधारात फोकसला आधार देतो, पण कॅननवर तो 'एआय सर्व्हो'मध्ये पेटत नाही, 'वन शॉट' ठेवावे लागते, निकॉनवर 'एएफ-एस'. शिवाय 50 मिमी लेन्स 1.8 वर उघडली की सहा-सात फुटांवर फोकसची खोली वितीहूनही कमी असते. वधू-वर पुढे-मागे बसलेले असतील तर ॲपर्चर 4 किंवा 5.6 करावे व उजेडाची तूट फ्लॅशने भरून काढावी.